बारावी खुर्ची

मी कच्चा मसुदा बोलतोय. खाडाखोडीचा, चुरगळलेला. पण त्या आदेशाचं खरं काय झालं ते माझ्याच अंगावर लिहिलंय.

देशाच्या स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षं होणार, म्हणून सोहळा आखायला राज्याने आयोग नेमायचं ठरवलं. मंत्रालयाच्या एका कक्षातल्या कंत्राटी टायपिस्टताईने आदेशाचा मसुदा, म्हणजे मला, टाईप केलं. अकरा नावं वरून आली होती. त्यातला सगळ्यात तरुण अडुसष्ट वर्षांचा! ताईने बारावी ओळ आपल्या मनाने घातली: 'एक सदस्य, वय पंचवीसच्या आत, अर्ज मागवून.'

मग मी टेबलं फिरलो. प्रत्येक टेबलावर एकच शेरा, 'चर्चा करावी.' चर्चा कुणीच केली नाही. 'करावी' लिहिलं की काम झालं, अशी या म्हाताऱ्यांची समजूत. तीन आठवडे असेच गेले.

आदेश काढायच्या शेवटच्या दिवशी चार वाजता मी कक्षाच्या साहेबांपुढे पोचलो. त्यांनी ती ओळ खोडली नाही. तेवढी हिंमत कुठली! लाल शाईने पुढे तीन शब्द जोडले: 'वयाची अट शिथिलक्षम.' आणि फोन उचलला.

"मेहुणे, जमवलंय तुमचं. हो, तरुणांच्या जागेवर. त्रेसष्ट म्हणजे काय वय झालं का!"

साडेचारला मी परत ताईपुढे. शेजारून वरिष्ठ लिपिक, सगळ्यांचे काका, म्हणाले, "पोरी, आहे तसं उतरव. पाचला सही आहे."

"काका, वाचलंत का हे?"

"चौतीस वर्षांत मी काही वाचलं नाही. म्हणून तर टिकलो."

पुढच्या आठवड्यात तिचं कंत्राट वाढायचं होतं, साहेबांच्याच सहीने. तिची बोटं थांबली. माझा जीव टांगणीला. मग तिने स्वच्छ प्रत काढली, लाल शब्द गाळून. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी निघालेला आदेश वाचून मेहुण्यांचा फोन आला आणि कक्ष हादरला. "मसुदा आणा!" काकांनी मला दोन्ही हातांनी नेऊन दिलं. वर म्हणाले, "मी तिला बजावलं होतं, साहेब."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळ, टायपिंगची चूक झाली, एवढं लिहून दे. शुद्धिपत्रक काढतो. तुझं कंत्राटही वाढवतो."

"चूक नाही, साहेब. मी मुद्दाम गाळलं. आणि सही तुमची आहे."

आता शुद्धिपत्रक काढायचं तर न वाचता सही केली, हे साहेबांनाच लिहून द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी ताईला काढलं. दुपारी ती डबा घेऊन निघून गेली. मान वर करून कुणी पाहिलंही नाही.

मी फाईलमध्ये टॅगला अडकून पडलोय. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत. एकही अर्ज आला नाही, तर साहेब हवा तो माणूस नेमू शकतात. आज गुरुवार. अर्ज शून्य.

पंचवीसच्या आतल्यांनो, मोबाईलवर म्हाताऱ्यांना शिव्या घालून झाल्या असतील तर उठा. अर्ज एका पानाचा आहे. मेहुण्यांनी कोट शिवायला टाकलाय.