तिला लांबचं काय करायचंय?

"जिकडे बघायचं तिकडे नाक न्यायचं, काकू. नुसते डोळे फिरवायचे नाहीत. आणि सकाळी उठल्यावर घातला की रात्रीच काढायचा. नेमच धरा तसा."

चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने हे सांगितले, तेव्हा मी पहिल्यांदाच एका माणसाच्या नाकावर बसलो होतो. होय मित्रांनो, मी एक चष्मा आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मा म्हणतात मला. आमच्यातले बहुतेक जण आपली कहाणी म्हातारपणी सांगतात, खणाच्या तळाशी पडून, उसासे टाकत. मी तेवढा जुना नाही आणि मला उसासेही टाकायचे नाहीत. मला राग आला आहे. राग वाईट, हे मीही ऐकून आहे. पण गिळून गिळून तो काही पचत नाही.

माझ्या काचेचा वरचा भाग लांबचे दाखवतो, मधला हातभर अंतरावरचे आणि खालचा अगदी जवळचे. मध्ये रेघ नाही. एक भाग दुसऱ्यात अलगद मिसळत जातो. या सोयीपायी माझ्या दोन्ही कडा मात्र धूसर राहतात. हा माझ्या घडणीतलाच दोष आहे, तो मी लपवत नाही. म्हणून तर नाक न्यायचे.

जिच्यासाठी मला घडवले ती रफू करते. कोटाला कसर लागो की विडीने भोक पडो, त्याच कापडाचा धागा काढून ती असे विणते, की कोटाचा मालकही भोक शोधत बसतो. नवऱ्याचे कपडे दुरुस्तीचे दुकान आहे. तो पुढे गल्ल्यावर बसतो, ती मागे खिडकीपाशी, दुकानाकडे पाठ करून. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

मला घ्यायला आली तेव्हा नवरा सोबत होता. दुकानातल्या मुलीने तीन चष्मे समोर मांडले: नुसता जवळचा, मध्ये रेघ असलेला बायफोकल, आणि माझ्या जातीचा.

"जवळचाच द्या," नवरा म्हणाला. "सुई ओवता आली की झालं. तिला लांबचं काय करायचंय?"

"मला बसची पाटी वाचायची आहे," वहिनी हळूच म्हणाली.

"बसची पाटी!" नवरा हसला. "अहो, ही एकदा चुकीच्या बसमध्ये चढली आणि थेट डेपोत जाऊन बसली! ड्रायव्हर म्हणाला, बाई, बस आता झोपायला चालली, तुम्ही पण झोपणार का?"

मुलगी हसली नाही. तिने वहिनीला विचारले, "पाटीही वाचायचीय आणि सुईही ओवायचीय ना? मग रेघेचा किंवा हा. रेघेच्या चष्म्यात मधलं अंतर नीट दिसत नाही. हा दिसायला बरा, पण सवयीला त्रास देतो. महिन्याभरात नाहीच जमलं, तर बदलून देऊ."

"हाच द्या," वहिनी म्हणाली. चारचौघांत नाही म्हणणे नवऱ्याच्या जिवावर आले, म्हणून मी घरी आलो.

त्याच संध्याकाळी तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती आणि महिनाअखेरीस लेकीकडे, पार दुसऱ्या मुलखात, कायमची राहायला जाणार होती. दोघी बहिणींची भेट होऊन युगे लोटली होती. कारण वहिनीला पाटी दिसेना आणि न्यायला कोणाला सवड होईना.

"ताई, चष्मा आलाय. तू जायच्या आत येते. एकटी येते."

"तू आणि एकटी?" ताई पलीकडून म्हणाली. "तुझं येणं म्हणजे गाढवाला शिंगं फुटणं."

"फुटतील. वचन देते."

"बघू हं," ताई म्हणाली, पण तिचा आवाज बदलला होता.

ते दिवस सोपे नव्हते. माझ्या खालच्या काचेतून जिन्याची पायरी फुगलेली दिसे आणि वहिनीचा पाय हवेत लोंबकळत राही. कपात चहा ओतताना तो बशीत जाई. दुपारपर्यंत कपाळ ठणके. नवरा म्हणे, "पैसे मोजून आंधळी झाली!" मुलगा म्हणे, "आई, कशाला हट्ट?" ती मात्र सकाळी मला घाली आणि रात्री पुसून डबीत ठेवी. व्रत पाळावे तसे तिने मला एकदाही काढून ठेवले नाही. हळूहळू पायऱ्या जागेवर आल्या. रस्त्यापलीकडच्या दवाखान्याची पाटी ती एकदा खिडकीतून पुन्हा पुन्हा वाचत बसली, जणू पत्रच आले होते.

पण एका गोष्टीची सवय तिलाही नव्हती, घरालाही नव्हती. इतकी वर्षे ती डोळ्याच्या कोपऱ्यातून जग बघत आली होती. मान खाली, हात सुईवर, आणि कोपऱ्यातून अंदाज. माझ्या कडा धूसर असल्यामुळे तो कोपराच बंद झाला. आता कोणाकडे बघायचे, तर मान वळवून सरळ तोंडाकडे बघावे लागे.

एक पोस्टमन आपला कोट न्यायला आला होता. नवऱ्याने डेपोची गोष्ट काढली. ही गोष्ट तो येईल त्याला सांगे, आणि पाठीमागे हसू फुटले की वहिनीही सुईत बघून थोडी हसे. त्या दिवशी तिने मान वळवली.

नवरा बोलता बोलता अंगठ्याने मागे तिच्याकडे दाखवत होता, आणि कपाळाशी बोट नेऊन गोल गोल फिरवत होता.

पोस्टमनला ती बघताना दिसली. त्याचे हसू विरले आणि तो कोटाची बटणे लावू लागला. नवऱ्याचे बोट फिरतच होते. माझ्या दांड्यांखाली तिची कानशिले तापली. नाकपुड्या फुलल्या, तसा मी जागेवरून हललो. मित्रांनो, मला हात असते, तर मी काय केले असते ते सांगत नाही.

"काय गं? काय बघतेस अशी रोखून?" नवरा वळून म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली.

संध्याकाळी दुकान बंद करताना तो म्हणाला, "उद्या सकाळी हा बदलून आणतो. डोकं दुखतं, जिन्यावर ठेचकाळतेस. जवळचा घेऊ."

"आणि ताई?"

"रविवारी नेतो म्हटलं ना."

"ताई शनिवारी जातेय."

मग मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "व्हिडिओ कॉल कर की, आई."

नवऱ्याने हात पुढे केला, एकाच हाताने माझी एक दांडी धरून मला तिच्या नाकावरून ओढले आणि गल्ल्यावर पालथे आपटले. माझ्या उजव्या काचेवर ओरखडा उठला. तो आयुष्यभर राहील. मग नवऱ्याने मला डबीत कोंबले आणि डबी सकाळसाठी गल्ल्यावरच ठेवली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. चष्मा दोन्ही हातांनी काढावा, पालथा ठेवू नये, पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा. हे कोणीही सांगेल. पण दुसऱ्याच्या नाकावरून तो ओढू नये, हे मला रागानेच सांगावे लागते. कोणाला किती लांबचे दिसावे, हे तुम्ही कोण ठरवणार? तुमच्या घरातही कोणी तरी पाठ करून बसलेले असेल. त्याला जवळचे पुरते, असे तुम्ही ठरवून टाकले असेल. त्याला विचारा. हसण्याआधी विचारा.

पहाटे, घर झोपेत असताना वहिनी दुकानात उतरली. तिने मला धुतले, पुसले आणि घातले. रिकामी डबी मिटून गल्ल्यावर होती तशी ठेवली. मग खिडकीपाशी जाऊन रफूला बसली.

नवरा आला. "जातो गं बदलायला," म्हणत त्याने डबी खिशात टाकली. वहिनी जागेवरच होती. त्याने तिच्या तोंडाकडे एकदा पाहिले असते, तरी पुरे होते. तो गेला.

तिने हातातला टाका पुरा केला, धागा तोडला आणि पिशवी उचलली.

"आई, कुठे?" गल्ल्यावरून मुलाने विचारले.

"ताईकडे."

"बाबांना येऊ दे ना आधी."

"येतील. रिकामी डबी घेऊन येतील. चहा कर त्यांना."

वहिनीने दार लोटले, कठड्याला हात न लावता पायऱ्या उतरली आणि बसथांब्याकडे चालू लागली.