मलमाची डबी

समुपदेशनाच्या एम. ए.ची मुलं दर गुरुवारी गोल करून बसत. गट चालवायला शिकायचं तर आधी गटात बसून स्वतःचं बोलता आलं पाहिजे, हा प्रियदर्शनी मॅडमचा नियम. इथलं बोलणं दाराबाहेर काढायचं नाही, हा दुसरा.

सहामाही सत्र संपत आलं तरी उचगावची दानेश्वरी काही बोलली नव्हती. बाकीच्यांची जमा मात्र तिच्या डोक्यात पक्की होती. कागलचा राजवीर : वडिलांचा धाक, रडणं बेताचं. सोनम : सावत्र आई, रडणं भरपूर, मॅडम खुर्ची पुढं सरकवून ऐकतात. स्वतःच्या खात्यावर बघावं तर वडिलांचं पेंडीचं दुकान बरं चाललेलं, आई मायाळू, जेवण वेळेवर. एवढं सुखाचं घर घेऊन या विषयाला आलो, याचीच तिला चोरी वाटायची. त्यात सहभागाला मार्क होते.

"दानेश्वरी, आज तुझं ऐकूया?" मॅडम म्हणाल्या.

तिनं मोठ्या बहिणीचं, आक्काचं सांगितलं. स्वतःचं म्हणून. संकेश्वरचं स्थळ. साखरपुड्याला होणारी नणंद साडी नेसवायला आली, तिला पाठीवर कोडाचा डाग दिसला आणि लग्न मोडलं.

"केवढा आहे डाग?" सोनमनं विचारलं.

"रुपयाएवढा." आणि दानेश्वरी रडली. चांगली रडली. मॅडमनी चष्मा काढला.

उचगावात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. आईनं, रत्नव्वानं, 'पत्रिका जुळली नाही' म्हणून गावाचं तोंड बंद केलं होतं.

पण आपल्याकडं ओळखीचं माणूस दुःखात आहे म्हटल्यावर घरी बसवत नाही, हे पोरगी विसरली. रविवारी सकाळी राजवीर, सोनम आणि गटातलाच संघर्ष दारात उभे. हातात शहाळी आणि केळी, पेशंटला न्यावीत तशी.

"कोण गं ही पावणं?" रत्नव्वानं विचारलं.

"वर्गातली हायत, अव्वा."

"मग कोण आजारी हाय का?"

"न्हाय की काकू, सहज आलतो," राजवीर म्हणाला आणि तिघंही माना खाली घालून मुकाट बसले, मयताच्या घरी बसल्यासारखे. नियम पाळणं चाललं होतं. बोलायला बंदी होती, यायला कुठं होती?

आक्का चहा घेऊन आली. कप फिरले. निघताना राजवीरनं खिशातून एक डबी काढून दानेश्वरीच्या हातात कोंबली आणि कुजबुजला. कागलच्या माणसाची कुजबुज ती, सोप्यात सगळ्यांना ऐकू गेली.

"पाठीला लाव. आमच्या आत्याच्या कोडाला गुण आलाय. आणि त्या संकेश्वरवाल्यांना सोड. मातीत गेली असली माणसं."

रत्नव्वा स्वयंपाकघरात होती, तेवढं बरं. रिकामे कप ट्रेत ठेवता ठेवता आक्कानं ऐकलं. तिनं दानेश्वरीकडं बघितलं. मग राजवीरला म्हणाली, "लावंल की. मी बघते. लई सोसलंय तिनं."

पावणे गेल्यावर आक्कानं आतल्या खोलीचं दार लोटलं.

"माझं सांगितलंस तवा रडली का पोरं?"

दानेश्वरीनं होकाराची मान हलवली.

"माझ्या टायमाला कोण आलं न्हाय बघ. तू पण हितंच पुस्तक घेऊन बसलेलीस. दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यावं, त्याचीच परीक्षा होती न्हवं तुझी?"

"आक्का, गुरुवारी सगळ्यांना खरं सांगते."

"म्हंजे माझं नाव सांगणार. आता तोंड बघून गेलीत ती माझं. पुन्हा आली की ह्याच नजरेनं माझ्याकडं बघणार." आक्कानं डबी तिच्या हातातून घेतली, झाकण उघडून वास घेतला. "गप बस. माझ्या वाटणीचं ऐकून घे जरा तूच."

मग ती पाठ करून बसली, ब्लाउज खांद्यावरून उतरवला आणि डबी मागं धरली.

"लाव. माझा हात पोचत न्हाय."

डाग रुपयाएवढा नव्हता. तळहातापेक्षा मोठा होता, आणि कडेला आणखी दोन उठले होते. एका खोलीत झोपूनही दानेश्वरीनं तो कधी बघितला नव्हता.

गुरुवारी सगळे पुन्हा गोल बसले. सोनमनं आपल्या शेजारची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती.

"आज कसं वाटतंय, दानेश्वरी?" मॅडमनी विचारलं.

"लाज वाटते," ती म्हणाली.

एवढ्या गुरुवारांत तिच्या नावावर जमा झालेलं हे पहिलं खरं वाक्य. ते कुणी टिकू दिलं नाही.

"अगं, तुझा काय दोष त्यात?" सोनमनं तिचा हात धरला.

"लाजायचं त्यांनी," संघर्ष म्हणाला.

मॅडमनी मान डोलावली. राजवीर खुर्चीतून पुढं वाकला. "मलम लावतीस न्हवं?"

"रोज लावते," दानेश्वरी म्हणाली आणि आपल्या बोटांकडं बघत राहिली.