वाटीत मणी पडला का?

साहेब, तुम्ही खोटं बोललात. भरल्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन आयाबापांना सांगितलंत की मुलांची सगळी माहिती सुरक्षित आहे, रोज तिची प्रत निघते. प्रत रोज निघत होती, हे खरं. पण ती उघडून पाहिली कोणी? ते सांगायचं तुम्ही विसरलात. मी मात्र विसरणार नाही. विसरणं हा माझा धंदाच नाही.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका, हे तुम्हाला नव्हतं. मी एक जुनी डिस्क आहे. साबणाच्या वडीएवढी, काळी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. संगणकातली माहिती पोटात ठेवायची आणि वेळ आली की जशीच्या तशी परत द्यायची, हे माझं काम. यातलं पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझं भांडण दुसऱ्या अर्ध्यासाठी आहे.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीच्या कणालाही आत यायची बंदी होती. माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे आणि तिच्यावरून एक बारीक हात फिरतो. तो टेकत नाही, नुसता तरंगतो. टेकला की मी मेलेच. असा नाजूक जीव घेऊन मी खोक्यात बसले आणि पोचले ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या केंद्रात. खाली रंग उडालेली घसरगुंडी, वर लांब व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला भिंतींनाही गालिचा लावलेली एक मुकी खोली. त्या खोलीत कानाच्या बाई बसत.

कानाचं यंत्र नुसतं अडकवून भागत नाही. कुठला आवाज वाढवायचा, कुठला दाबायचा, हे एकेका कानाला विचारावं लागतं. आणि एवढंसं पोर काय सांगणार, कप्पाळ? म्हणून बाईंचा एक खेळ होता. मुलाच्या हातात लाकडी मणी, समोर वाटी. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. पोरं कंटाळत, भोकाड पसरत, मणी तोंडात घालत, वाटीवर डोकं ठेवून झोपत. बाई पुन्हा बोलावत. असं महिनोन्‌महिने चालल्यावर एका मुलाच्या यंत्राची जुळवणी पुरी होई. या सगळ्या जुळवण्या मोठ्या संगणकात असत आणि त्यांची प्रत माझ्या पोटात.

संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कटकट. त्यांना ते ठाऊक होतं. फोन उचलला की त्याच म्हणायच्या, "कटकट बोलतेय, काय बिघडवलंत?"

या कटकटताईंनी एक पद्धत पाडली होती. अधूनमधून एक जुनाट संगणक पुसून कोरा करायचा, मोठा संगणक जळाला असं समजायचं आणि फक्त माझ्या भरवशावर सगळं पुन्हा उभं करायचं. याला त्या रंगीत तालीम म्हणत.

पहिली तालीम सपशेल आपटली. परक्याच्या हाती लागले तर मी उघडू नये म्हणून ताईंनी मला एक परवलीचा शब्द लावला होता, आणि तो शब्द जपून ठेवला होता मोठ्या संगणकात. म्हणजे जो जळाला असं समजायचं होतं, त्यातच. कानाच्या बाई पोट धरधरून हसल्या. "ताई, किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरीला कुलूप लावलंत की हो!"

दुसरी कोणी असती तर फुगून बसली असती. ताई म्हणाल्या, "आज हसून घ्या. खऱ्या दिवशी रडला असतात." मग दोघींनी नवा शब्द ठरवला. अर्धा ताईंनी पाठ केला, अर्धा बाईंनी.

तालीम माझं पोट रिकामं करून संपत नसे. नावं दिसली, आकडे दिसले, यावर ताईंचा विश्वास नव्हता. माझ्यातून काढलेली जुळवणी खऱ्या यंत्रात भरायची, ते यंत्र खऱ्या मुलाच्या कानाला लावायचं, आणि वाटीत मणी पडला तरच तालीम पास. यासाठी बहुतेक वेळा भोंगा यायची. यंत्र मिळण्याआधी ही पोरगी इतकी केकाटायची की तिच्या आईनेच तिला हे नाव दिलं होतं. भोंगा ऐटीत खुर्चीवर चढायची, मणी धरून डोळे बारीक करायची. सगळी खोली श्वास धरून बसायची, मीसुद्धा. टण्ण! मणी पडला की ताई माझ्या पाठीवरून बोट फिरवत म्हणायच्या, "शहाणी गं माझी बाय." मित्रांनो, मला पुष्कळांनी वापरलं. शहाणी म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

मग साहेब, तुम्ही केंद्राचे नवे प्रमुख म्हणून आलात. कामाच्या वेळेत ऑफिसच्या खुर्चीवर पोर बसलंय, हातात मणी आहेत, हे पाहून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. हा बालवाडीचा खेळ बंद करा म्हणालात. प्रत झाली की काम झालं.

ताई म्हणाल्या, "छत्री घेतली म्हणजे ती उघडते असं नाही, साहेब."

महिना उलटायच्या आत ताई तळघरातल्या भांडारात, बॅटऱ्या आणि खडूची खोकी मोजायला. संगणकाचं काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं. नवा मोठा संगणक आला, सगळ्या जुळवण्या त्यात हलवल्या, जुन्या संगणकातली जागा झाडून रिकामी केली. माझ्या जागी चकचकीत नवी डिस्क आली. मी भंगारात जायची, पण ताईंनी मला उचललं. पंख्याने पावत्या उडतात, वर ठेवायला हवी, म्हणाल्या. त्या रोज मला रुमालाने पुसायच्या. पावत्यांवरचं वजन कोणी पुसतं का हो?

वर काय चाललं होतं ते ऐका. जुळवण्या नव्या जागी गेल्या होत्या, पण प्रत काढणाऱ्याला जुनाच पत्ता दिलेला. माणसं नव्या घरात राहायला गेलेली आणि राखणदार रोज जुन्या, ओस घराला कुलूप घालून येतोय! नवी डिस्क रोज रिकामी जागा इमानदारीने पोटात घ्यायची. काम यशस्वी झालं म्हणून हिरवी खूण उमटायची. कुलूप खरंच नीट लागलेलं होतं. घरात कोण आहे, हे त्या खुणेला कोणी विचारलंच नव्हतं. आणि तुम्ही ती खूण मोठ्या पडद्यावर लावलीत, आयाबापांना दिसेल अशी, जिन्याजवळ.

भोंग्याची आई बॅटऱ्या न्यायला भांडारात यायची. आता तिच्या कडेवर भोंग्याचा धाकटा भाऊही असे. त्यालाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो ओरडायचाही नाही, म्हणून हा गप्पू. त्याची जुळवणी मी खाली आल्यावर सुरू झाली आणि फार चिवट निघाली. मणी म्हणून सोडायचाच नाही. शेवटी एकदा त्याला सूर सापडला आणि तो पहिला शब्द बोलला, "नको." मग काय, दूध नको, झोप नको, चप्पल नको. आई डोळे पुसत सांगत होती, "ताई, कारटं दिवसभर नको नको करतंय. कानाला इतकं गोड लागतंय म्हणून सांगू." ताईंनी त्याला गोळी देऊ केली. "नको," म्हणाला, आणि घेतली.

थोड्याच दिवसांत कोणा दात्याने सगळ्या मुलांना नवी यंत्रं दिली. हॉलमध्ये समारंभ झाला. जुनी यंत्रं तुम्ही एका खोक्यात गोळा केलीत आणि फोटो काढून त्याच संध्याकाळी कारखान्याला पाठवलीत. तिथे ती पुसून सुटी केली जातात. आधी नव्यांत जुळवण्या भरून घेऊ, मग जुनी पाठवू, असं कानाच्या बाई परोपरीने सांगत होत्या. "संगणकात आहे ना सगळं?" म्हणालात तुम्ही. मग माईक घेऊन तेच आयाबापांना सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो वातानुकूलन यंत्राची नळी तुंबून पाणी थेट मोठ्या संगणकात गेलेलं. संगणक गार. नवी डिस्क आयुष्यात पहिल्यांदा उघडली गेली. आत शुकशुकाट.

कानाच्या बाई जिना धावत उतरल्या. "ताई, ती पावत्यांवरची डबी अजून चालते का हो?"

ताई उठल्या. "विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "चालवून बघायचं."

मला तारेला जोडलं. माझा हात आखडला होता, तबकडी कुरकुरत होती. अर्धा शब्द ताई बोलल्या, अर्धा बाई. मी उघडले. नावं आली, आकडे आले. ताई खुर्ची ओढत म्हणाल्या, "यांचं काय घेऊन बसलात, वाटी आणा."

भोंगा आता उंच झाली होती, पाय जमिनीला टेकत होते. माझ्याकडची तिची जुळवणी जुनी, आखूड झालेल्या फ्रॉकसारखी. पण तिची होती. मणी हातात. टण्ण!

"पडला!" भोंगा अशी केकाटली की गालिच्याच्या भिंतींनाही ऐकू गेलं असेल. ताईंनी मला शहाणी म्हटलं. मला मात्र ते ऐकवेना, कारण आईने तोवर गप्पूला खुर्चीवर बसवलं होतं.

बाईंनी माझ्यात त्याचं नाव शोधलं. पुन्हा शोधलं. मी काय देणार? तो यायच्या आधीच मला पावत्यांवर ठेवलं होतं ना. बाईंनी त्याच्या कानाला कोरं यंत्र लावलं आणि अगदी पहिल्या, हलक्या आवाजापासून सुरुवात केली. गप्पू मूठ मिटून बसला. मणी आतच. ताईंनी गोळी पुढे केली. त्याने गोळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. नको म्हणाला नाही.

तेव्हा तुम्ही दारात होता, साहेब. आईचा आवाज चढला नाही. "हिचं मिळालं," ती म्हणाली. "ह्याचं कुठंय?"

तुम्ही वळून जिन्याजवळच्या पडद्याकडे पाहिलंत. तिथे आदल्या रात्रीची हिरवी खूण तशीच होती, त्या दिवशीसुद्धा.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्या भावंडांपैकी कोणी असेल, कपाटात, चादरींखाली. तिच्यात आजोबांचा आवाज असेल, तुमच्या पहिल्या पावलांचे फोटो असतील. प्रत आहे ना, एवढं विचारून कपाट लावू नका. तिला बाहेर काढा, जोडा, त्यातलं एक तरी उघडून डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका. माझ्यासारखीला जपायचं म्हणजे हेच, दुसरं काही नाही.

आणि साहेब, तुम्ही जाऊ नका. ताईंना तुम्ही पुन्हा वर बोलावलंत, मलाही आणलंत. बक्षिसाच्या ढालीसारखं मला काचेत ठेवायचंय म्हणे. मला काच नको. समोरच्या खुर्चीवर गप्पू बसलाय, मूठ अजून मिटलेली आहे, आणि त्याच्या आईने तुम्हाला एक प्रश्न विचारलाय. पडद्याकडे बघू नका. तिच्याकडे बघा आणि सांगा. ह्याचं कुठंय?