खणातली खास भावाची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पानं आणि स्वभाव जळकुकडीचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही नाक मुरडायला नको.

भिवंडीत कासमशेठचं कापडाचं दुकान आहे. तिथल्या टेबलाच्या खणात माझा जन्म गेला. समोरच्या भिंतीवर भावाचा फलक होता. पॉपलिन एवढे रुपये मीटर, मलमल एवढे रुपये मीटर. येईल तो आधी त्याच्याकडे बघायचा. दर शुक्रवारी त्याला ओल्या फडक्यानं पुसायचे. माझ्यावर काय ठेवायचे? चहाचा कप!

आणि खरं सांगू? जुन्या गिऱ्हाइकांचा खास भाव त्या फलकाला ठाऊकच नव्हता. तो माझ्यात लिहिलेला होता. एक रकाना गिऱ्हाइकाचा, एक कापडाचा, एक भावाचा. गिऱ्हाईक माझ्यात सापडलं तर माझा भाव, नाही सापडलं तर फलकाचा. "थांबा, आधी वहीत बघू द्या," असं कासमशेठ म्हणायचे, तेव्हा माझी छाती फुगायची.

यंदा कासमशेठ वारले. त्यांची मुलगी सालेहा दुकान बघू लागली आणि तिनं कॉम्प्युटर आणला. आता मला सांगा, त्यात पहिला मान कोणाला? फलकाला! मग तिच्या फोनमधल्या नावांवरून केलेली गिऱ्हाइकांची यादी आत गेली. सगळ्यात शेवटी माझी पानं उतरवली आणि मला पुन्हा खणात कोंबलं. नाव आणि कापड टाकलं की तिन्ही याद्या एकमेकींशी जुळायच्या आणि भाव पडद्यावर यायचा. मी नुसती धुमसत होते. एकदा तरी याचं चुकू दे, असं रोज म्हणायचे.

आणि चुकलं हो!

अंबाडीहून धोंडूबाई आल्या. पाच बायकांना हाताशी घेऊन त्या परकर शिवतात. त्यांनी पॉपलिन मागितलं. पडद्यावर आले बेचाळीस रुपये, म्हणजे फलकाचा भाव.

"आमाला अडतीसनं मिलतं, पोरी. मीटरमागं चार कमी. तुझ्या बाबानंच ठरवलंय."

"मावशी, तुमच्या नावावर काहीच दाखवत नाही. मी कसं देऊ?"

"दोनशे परकरांचा सौदा केलाय गं. एका परकराला अडीच मीटर लागतंय. परकरामागं धा रुपये गेले म्हंजे आमची शिलाईच गेली. बायांना काय देऊ मी?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता खण उघडेल, आता त्या पडद्याची जिरेल, असं मनात म्हणत होते. धोंडूबाईंच्या चेहऱ्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. त्या रिकामी पिशवी उचलून उठल्या आणि सालेहानं खण ओढला.

तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'धोंडूबाई' शोधलं. मी गारच पडले. ते नाव माझ्यात नव्हतंच. कासमशेठ माणसं गावावरून ओळखायचे आणि लिहायचेही तसंच. गणेशपुरीवाला, काल्हेरवाले दाजी, अंबाडीवाली. तिकडच्या यादीत धोंडूबाई आणि माझ्यात अंबाडीवाली! कॉम्प्युटर बिचारा जुळवणार कशाशी? चूक माझी होती. ज्यांच्या भावाच्या जिवावर मी एवढी मिरवत होते, त्यांचं नावच माझ्याकडे नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सालेहाचं बोट एका ओळीवर थांबलं. 'अंबाडीवाली. पॉपलिन. फलकापेक्षा चार कमी, कायम.' आणि समासात बारीक अक्षरात, 'पुरात भिजलेले तागे सुकवून दिले.'

"मावशी, थांबा! पुरात आमचे तागे कोणी सुकवले होते?"

धोंडूबाई दारातच वळल्या. "आमीच की! चालीस तागे व्हते. पाऊस काय थांबंना, मग तीन घरांत दोऱ्या बांधल्या नि रातदिस चुली पेटत्या ठेवल्या. तवा तू एवढीशी व्हतीस."

सालेहा उठली आणि तिनं त्यांना हाताला धरून बसवलं. "अडतीसच, मावशी. आता मला तुमचं पूर्ण नाव सांगा."

'अंबाडीवाली'च्या शेजारी तिनं लिहिलं, 'धोंडूबाई महादू शेलार, क्रमांक सत्तावीस.' तोच क्रमांक कॉम्प्युटरमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत आणि माझ्यावरून उतरवलेल्या यादीत टाकला. पुन्हा शोधल्यावर पडद्यावर अडतीस आले. मग ती बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांची पूर्ण नावं आणि गावं विचारत बसली.

मित्रांनो, माझी खोड काही गेलेली नाही. परवाच फलकाला नवा रंग दिला, तेव्हा माझा जळफळाट झालाच. पण एक विनंती करते. कोणाबद्दल काही लिहाल तेव्हा आधी त्याचं नाव विचारा आणि ते पूर्ण लिहा. आणि माझ्यासारखी जुनी वही रद्दीत घालण्याआधी तिचे समास तेवढे वाचा. अडतीस रुपये आता कॉम्प्युटरलाही ठाऊक आहेत. पण अडतीसच का, ते अजून फक्त माझ्यातच लिहिलेलं आहे.