राख केलेली मासळी

आक्कानं खाजण विकलं, हे भाचा कुणालनं फोनवर सांगितलं आणि माझं टाळकंच सरकलं. बापानं तिला चोळीबांगडीत दिलेली खाडीकाठची जमीन, भरतीबरोबर मासळी आत येणारी, आणि बाईनं ती गोदामवाल्याच्या घशात घातली! तडक तिचं गाव, खारबाव गाठलं.

मी किरणोत्सर्ग मोजणारा शास्त्रज्ञ, नुकताच निवृत्त झालेला. खाडीचं पाणी, चिखल, मासळी यांत किरणोत्सर्ग किती, हे बघण्यात बत्तीस वर्षं गेली. दर तीन महिन्यांनी आक्काच्या खाजणातली मासळी न्यायचो. तिचे मालक, अनंता भावजी, पहाटेच जाळं टाकून ठेवायचे. मी हातमोजे घालून मासळी पिशवीत भरायचो, चिठ्ठी लावायचो की निघालो. आक्का जेवायचा आग्रह करायची, पण माल नासायच्या आत प्रयोगशाळा गाठायची असे. पाणीसुद्धा उभ्यानंच.

मग एका वर्षी भावजींनी मासेमारी सोडली आणि जवळच्या पूर्णा गावात एका गोदामावर वॉचमन झाले. मला वाटलं, पगाराची चटक लागली. मी दुसऱ्या गावातून नमुने न्यायला लागलो. भावजी ड्युटीवरच, खुर्चीत बसल्या बसल्या वारले.

"बापाची जमीन विकताना लाज नाही वाटली?" मी दारातूनच तोंड सोडलं.

आक्का लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "इखारी जमीन ठेवून काय करू? तुजा डायवर बोललेला, सायब म्हावरा नेऊन जालतो. चांगला म्हावरा कोन जालतं रं?"

अहो, जाळतोच आम्ही. मासळीची राख करूनच ती यंत्रात ठेवायची, तशी पद्धतच आहे. तिच्या मासळीत धोक्याचं एकदाही काही निघालं नव्हतं. पण आकडे वर साहेबांकडे जायचे, बाहेर बोलायचं नाही असा नियम, आणि मी घाण्याचा बैल. सख्ख्या बहिणीला एक शब्द सांगावा, हे या दीडशहाण्याला कधी सुचलं नाही.

तिला सगळं समजावून सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हंजी, त्यात काय न्हवताच?"

"काही नव्हतं, आक्का."

"ते मरेपरेंत खाडीच्या म्हावऱ्याला आसुसले," ती म्हणाली. मी नियमाचं सांगायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"बोलायचा न्हवता, तर न्हाय बोललास. पन केसरी, माज्या घरी येक घास खाल्ला असतास, तरी आमाला कललं असतं."