दरडीची माती

१९८६ सालच्या आषाढात, सिक्कीमच्या डोंगरातल्या झोंगूत एकवीस दिवस पाऊस थांबला नव्हता तेव्हा, निमकितने वेलदोड्याच्या बुंध्याशी हात घातला आणि झटकन मागे ओढला. माती गरम होती. सावलीसाठी राखलेल्या उतिसाच्या झाडांखालच्या गार, काळ्या मातीवर कळीचा चुना फसफसत होता. उकडलेल्या मुळांचा वास तिच्या घशात बसला. ती बाजूला थुंकली. ही रोपं तिने माहेरून पाठीवर आणली होती.

"हे कुणी केलं?"

"शेतीच्या साहेबानं सांगितलं," तिचा नवरा ओंगदेन म्हणाला. "तपासणीचा कागद आला ना. माती आंबट आहे, चुना टाका."

"वेलदोड्याला आंबटच लागते. तपासायला कुठली माती दिलीस?"

ओंगदेनने टोपी सारखी केली. "घरामागच्या दरडीची. तांबडी, स्वच्छ. चाळून दिली."

"दरडीत वेलदोडा लावलाय मी?"

"अगं, बागेतली काळी, कुजकट. असली घाण साहेबापुढे ठेवायची? पाहुण्याला चांगलं तेच देतात."

"मग साखर घालून द्यायचीस!"

ती चुना खरवडून काढत राहिली. तळहातांची साल निघाली. ओंगदेन मदतीला आला की ती दुसऱ्या ओळीत जाई. जेवताना त्याचं मचमच चावणंही तिला सोसेना.

भाद्रपदात साहेब स्वतः आला. पिवळी पानं पाहून म्हणाला, "बागेतलीच माती आणा. खरी."

ओंगदेन मान खाली घालून बसला. त्याच्याकडे किळसेने बघत निमकित उठली.

"मी आणते."

तिने वरच्या, न जळलेल्या ओळीतली माती केळीच्या पानावर घेतली. पायऱ्या चढताना एक गांडूळ उचलून टाकलं. मग कुजलेलं पान. मग दुसरं. दाराशी पोचली तेव्हा पानावर बारीक, साफ माती उरली होती. ती क्षणभर उभी राहिली. आत ओंगदेन साहेबाला चहा ओतून देत होता. तिने पान तसंच नेऊन पुढे ठेवलं.

साहेबाची दिवाळीआधीच बदली झाली. त्या मातीचा कागद कधी आला नाही. जळालेल्या ओळी गेल्या, वरच्या जगल्या. ओंगदेन अकरा वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला. निमकित अजून आहे, नव्वदीला टेकली. चुन्यावरून तिने त्याला पुन्हा कधी बोल लावला नाही. गावात सगळे म्हणत, मोठ्या मनाची बाई.