आजारी पडायचा दिवस

आम्हां नर्सांना संप करता येत नाही. जमैकात तसा कायदाच आहे, म्हणून आम्ही संप करत नाही, आजारी पडतो. ठरलेल्या सकाळी वॉर्डाच्या मुख्य सिस्टरला एकेकीचा फोन जातो. एकीला उलट्या सुरू झालेल्या असतात, दुसरीची पाठ धरलेली असते, तिसरीचं लेकरू तापलेलं असतं आणि त्याच्याबरोबर तीही. मग राजधानीतून, किंग्स्टनहून, मंत्रीसाहेब रेडिओवर सांगतात की परिचर्या ही सेवा आहे, ती पैशात मोजायची गोष्ट नाही. बोलणी होतात. पगारात चिमूटभर भर पडते. तोवर आमच्यातल्या आणखी काहीजणी कॅनडाला निघून गेलेल्या असतात, आणि त्यांचे रुग्ण मागे राहिलेल्यांच्या वाटणीला येतात.

त्या खेपेला आजार वाटायचं काम क्लॉडेटकडे होतं. रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी आम्ही जमलो. सगळ्यांनी एकच दुखणं सांगितलं तर ऑफिसात संशय येतो, म्हणून ती जिचं तिला नेमून देत होती.

"मिस मर्डी, तुला काय देऊ? हगवण शिल्लक आहे."

"मला नको गं," मी म्हटलं. "मला खोटं सांगता यायचं नाही."

"घ्या! ही रोज उठून देवाला शब्द देऊन बसते." क्लॉडेटनं डोक्यावरची हॅट मागं सारली. "तुझा गुडघा दुखतो ना?"

"दुखतो."

"मग गुडघा सांग. खरा आहे. देवालाही चालेल आणि इस्पितळालाही."

बायका हसल्या, मीही हसले. पण पहाटे बायबलातलं वचन वाचताना आपण मनात काय कबूल करतो ते मला ठाऊक होतं, आणि गुडघ्याच्या आड लपणं काही मला सुखाचं वाटलं नाही. तरी मी हो म्हटलं. बायकांच्या वॉर्डात दोन खाटांवर तीन बाळंतिणी निजवायच्या, रक्तदाबाचं यंत्र बिघडलं की आपल्या पदरचं आणायचं, आणि परिचारिका सप्ताहात सगळ्यांनी मिळून एक केक कापायचा, हे किती वर्षं चालवायचं? क्लॉडेट म्हणायची, त्या केकनं माझ्या पोरीची शाळेची फी भरून दाखवा.

जोडियन ब्लेक थोडी बाजूला, छत्री धरून उभी होती. आमच्या वॉर्डातली सगळ्यांत लहान नर्स. आठवा महिना लागलेला, नवरा दूर माँटेगो बे शहरात हॉटेलात कामाला.

"मिस क्लॉडी, माझं नाव यात धरू नका हं," ती म्हणाली. "मी उद्या कामावर येणार. माझं कंत्राट आहे. एक दिवस गैरहजर लागले तर पुढं वाढवणार नाहीत, आणि बाळंतपणाची रजाही जाईल."

"तुला कोण बोलावतंय? तू पोटातल्याला सांभाळ. तुझ्या वाटणीचं मी दोनदा आजारी पडते."

तेव्हा तिच्या सँडलचे पट्टे पायांत रुतलेले मी पाहिले होते. पाहिले, आणि त्यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या कामात कुणाचे पाय सुजत नाहीत?

सोमवारी उजाडताच मी सिस्टर डेलरोजना फोन केला. सिस्टर स्वतः घरी राहणार नव्हत्या. कुणीतरी एक वॉर्डात हवीच, आणि दर खेपेला ती त्याच असायच्या.

"गुडघा," मी म्हटलं.

"बरं. शेकून घे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागं दुसरा फोन वाजायला लागला.

मग मी पडदे ओढून घरात बसले. आजारी माणसानं घरात दिसावं लागतं. मागच्या खेपेला एक नर्स बाजारात यामचे कंद घेताना सापडली आणि महिनाभर बिनपगारी बसली. इस्पितळाची पांढरी गाडी घरोघर फिरते. त्यात कर्मचारी विभागाचे मिस्टर पिनॉक असतात. बाहेर एखादं वाहन चढ चढताना गुरगुरलं की मी पडद्याच्या फटीतून बघायचे. पुदिन्याचा चहा केला, तो तसाच निवला. वॉर्डात सिस्टर एकट्या. खिडकीजवळच्या बाईच्या सलाइनची बाटली कोण बदलणार, हेच डोक्यात फिरत होतं.

फोन वाजला. सिस्टरच होत्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मर्डी, जोडियन काल तुमच्याबरोबर होती?"

"होती. पण ती येणार म्हणाली कामावर."



"तिचा फोन आला होता सकाळी. म्हणाली, सिस्टर, डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढं काहीतरी चमकतंय. मी म्हटलं, पोरी, आज सगळ्यांचंच डोकं दुखतंय, पड निवांत. मी हसले, मर्डी. आता फोन लावतेय तर उचलत नाही."

गरोदरपणात रक्तदाब चढला की हेच होतं. डोकं, डोळ्यांपुढं चमकणं, आठवा महिना, आणि ते पाय.

"तू तिच्या खालच्या वळणावर राहतेस," सिस्टर म्हणाल्या. "मी तुला जा म्हणू शकत नाही. पिनॉक तुमच्याच बाजूला आलाय."

"अॅम्ब्युलन्स?"

"किनाऱ्याकडं गेलीय, अपघातावर. केव्हा येईल देव जाणे."

मी माझं रक्तदाबाचं यंत्र घेतलं आणि घरातल्या सपाता घालूनच निघाले.

तो चढ मी रोज पाहते, पण त्या दिवशी संपेचना. लाल मातीत पाय घसरत होते. वाटेत शेजारचे मास युस्टास आपल्या शेळीचं दावं सोडत उभे होते.

"नर्स स्वॉबी! रेडिओवर तर सांगत होते, तुम्ही सगळ्या अंथरुणाला खिळलात म्हणून!"

"खिळलेच आहे, मास युस्टास."

"असं? मी पण खिळून बघतो मग, चढ चढायला बरं दिसतंय." मग माझं तोंड पाहून त्यांचं हसू मावळलं. "बाई, जपून. ती पांढरी गाडी वर गेलीय, क्लॉडेटच्या घराकडं. लपायचं तर केळीत लपा."

वर गेलीय. वरून खाली यायला हाच एक रस्ता.

जोडियनचं दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. अंगात गणवेश, एका पायात बूट, दुसरा हातात. चेहरा इतका सुजलेला की क्षणभर मी तिला ओळखलंच नाही.

"मी निघाले होते," ती म्हणाली. "बूट चढेना."

"बोलू नकोस. पोटात दुखतंय?"

तिनं बरगड्यांखाली हात ठेवला. "इथं. मिस मर्डी, तुमच्या डोक्याभोवती उजेड दिसतोय मला."

यंत्रावरचा आकडा पाहून मी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तसाच. प्रार्थनेतला एकही शब्द आठवेना, नुसतं प्रभू, प्रभू एवढंच तोंडात येत होतं. तिला डाव्या कुशीवर निजवलं, डोक्याखाली उशी दिली. मास युस्टास मागोमाग आले होते. "हिच्याजवळ बसा," मी त्यांना म्हटलं. "अंग ताठलं तर धरून दाबू नका, फक्त कुशीवर राहू द्या." आणि मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

गाडी वळणावर दिसली. सकाळपासून जिच्यापासून लपले, तिलाच मी दोन्ही हात वर करून थांबवत होते.

मिस्टर पिनॉकनी काच खाली केली. "नर्स स्वॉबी. गुडघा ना तुमचा?"

"हो. जोडियन ब्लेकला न्यायचंय. इथंच, त्या घरात आहे. तिला केव्हाही झटका येईल."

"ब्लेक." त्यांनी कपाळाला आठी घातली. "तीही आज आजारीच आहे. तुम्ही सगळ्याच आजारी आहात. आता क्लॉडेट पोट धरून माझ्यासमोर विव्हळली, आणि मी पाठ फिरवल्यावर घरात रेडिओचा आवाज वाढला. मी आता कुणाचं खरं धरायचं?"

त्यांचं चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत मी जो खरेपणा जपला होता तो त्या घटकेला कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता.

"माझं धरू नका," मी म्हटलं. "खाली उतरून बघा."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. एक सपात कुठंतरी मातीत राहिली होती. मग ते उतरले. दारापर्यंत गेले, आत डोकावले, आणि परत आले ते धावतच.

तिला मागच्या बाकावर घेतलं. उतारावर दुसऱ्या वळणाला तिला झटका आला. तिचे दात आवळले गेले, डोळे पांढरे झाले, सगळी गाडी तिच्याबरोबर हादरतेय असं वाटत होतं. मिस्टर पिनॉक ओरडले, "काय करू? थांबवू? सांगा ना, काय करू?"

"गाडी चालवा."

"मरतेय का ती?"

"गाडी चालवा, मिस्टर पिनॉक."

मी तिला कुशीवर धरून ठेवलं, तोंडातली लाळ माझ्या झग्याच्या टोकानं टिपत राहिले. झटका ओसरला आणि ती घोरायला लागली. तो घोरण्याचा आवाज ऐकून मिस्टर पिनॉक रडत होते की काय, मला मागून कळलं नाही. नुसता मानेवर घाम दिसत होता.

इस्पितळाच्या दारात सिस्टर डेलरोज स्ट्रेचर धरून उभ्या होत्या. ढकलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एक बाजू मिस्टर पिनॉकनी धरली. आमच्या क्यूबाच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी एकदाच मान हलवली आणि पुढं सगळं भराभर झालं. झटके थांबवायची मॅग्नेशियमची सुई मी दिली. सिस्टरनी शस्त्रक्रियेची तयारी केली. वॉर्डातल्या बायका आपापल्या खाटांवरून बघत होत्या. त्यांतली एक, कालच बाळंत झालेली, उठली आणि खिडकीजवळच्या बाईला पाणी पाजून आली.

बाळ निघालं ते एवढंसं, चिमणीसारखं. मुलगी. रडली नाही आधी. डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ चोळली, आणि मग ती रडली, म्हणजे कुरकुरली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ती जगेल की नाही, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. सिस्टर डेलरोज पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

दुपार कलती झाली तेव्हा जोडियननं डोळे उघडले. मी तिचा हात धरून बसले होते. दारात मिस्टर पिनॉक होते. घरी गेले नव्हते. शर्ट अजून ओला होता.

"बाळ?" तिनं विचारलं.

"मुलगी आहे. पेटीत आहे. तू आधी शांत पड."

तिनं ओठ ओले केले. मला वाटलं, पुन्हा बाळाचंच काही विचारेल.

"मिस मर्डी, मला गैरहजर लावलं का?"

मी मिस्टर पिनॉककडं पाहिलं. ते हातातल्या किल्ल्यांकडं पाहू लागले.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. वॉर्डात आम्ही हळूच बोलतो, तशीच बोलले. "गैरहजरांची नावं वरच्या ऑफिसात गेली?"

"सकाळीच. मीच कळवली."

"मग फोन करा."

"उद्या ऑफिस उघडल्यावर..."

"आत्ता करा."

"नर्स स्वॉबी, ती कामावर होती असं कसं सांगू मी?"

"तसं सांगू नका. आजारी होती म्हणून सांगा."

"ते तर आज सगळ्यांचंच..." एवढं बोलून ते थांबले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"म्हणून तुम्ही सांगायला हवं," मी म्हटलं. "आमच्या तोंडून ते आता चालायचं नाही. तुम्ही तिला डोळ्यांनी पाहिलंत. स्ट्रेचर तुम्ही धरलंत. तेवढंच सांगा."

त्यांनी खिशातून फोन काढला, पण बोट पुढं सरकेना.

"आणि तुमचं नाव विचारलं तर? तुम्ही कुठं होतात म्हणून विचारतील. मग मला तेही सांगावं लागेल."

घरभाडं, धाकट्या बहिणीच्या औषधांचा खर्च, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. बिनपगारी महिना मला झेपणार नव्हता. मागं खाटेवर जोडियन मान उचलून आमच्याकडं बघायचा प्रयत्न करत होती.

"रस्त्यात उभी होते म्हणून सांगा," मी म्हटलं. "चढ चढून आले होते म्हणून सांगा. लावा फोन."

त्यांनी नंबर लावला. आम्ही दोघं ऐकत राहिलो. पलीकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. त्यांनी फोन खाली घेतला.

"कुणी नाहीये."

"पुन्हा लावा," मी म्हटलं, आणि दारातून हलले नाही.